गोफणीचा धोंडा आणि नाणेघाटचे पाणी

कुकडी, मीना आणि घोड या तीन नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्याच खोऱ्यांत पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके वसलेले आहेत. पश्चिमेला उंच कडे, दाट झाडी आणि भाताची खाचरे. पूर्वेला उतरत गेलेली मोकळी शेतजमीन. या पूर्वेकडील गावांतून ज्वारी-बाजरीची कणसे दाण्यावर आली, की पूर्वी शेताशेतातून एक विशिष्ट आवाज घुमू लागे. प्रथम दोरीचा घुमारा, मग चाबकासारखा कडाडणारा फटकारा आणि त्यापाठोपाठ राखणदाराची लांबलचक हाक. चिमण्या, पोपट आणि भोरड्या यांचा थवाच्या थवा पिकातून उठे व दूर जाऊन बसे. ही गोफणीची करामत होती. आता गोफण क्वचितच दृष्टीस पडते; डबे वाजवून किंवा चमकत्या फिती बांधून पाखरे हाकलली जातात. परंतु हवेतून जाणाऱ्या वस्तूचे शास्त्र समजून घ्यावयाचे असेल, तर गोफणीसारखा गुरू मिळणे कठीण.

गोफणीची रचना अगदी साधी असते. सुमारे दोन मीटर लांबीची सुताची किंवा वाकाची वळलेली दोरी, मध्यभागी धोंडा बसेल अशी विणलेली रुंद पट्टी, आणि एका टोकाला बोट अडकविण्यासाठी फास. पट्टीत धोंडा ठेवून दोरी दुमडावयाची, फास बोटात घालावयाचा आणि मोकळे टोक त्याच हाताच्या चिमटीत धरावयाचे. शेतात उभारलेल्या उंच माळ्यावर उभा राहून राखणदार ती डोक्याभोवती गरगर फिरवी आणि योग्य क्षणी चिमटीतील टोक सोडून देई. त्या क्षणाची निवड हीच खरी विद्या होय. टोक किंचित आधी सुटले तर धोंडा एकीकडे जाई, किंचित उशिरा सुटले तर दुसरीकडे. आणि शिकाऊ मुलाच्या हातून सुटलेला धोंडा पाखरांना सोडून शेजारच्या शेतातील माणसावर जाण्याचेही भय असे. म्हणून माळ्यावर उभ्या असलेल्या नातवाला आजोबा आधी रिकामी गोफण फिरवावयास लावीत.

धोंडा नेमका कोणत्या दिशेने जातो? पुष्कळांना वाटते, की गोल फिरणारा धोंडा सुटल्यावरही काही काळ गोल वळणानेच जात असेल. तसे घडत नाही. फिरणाऱ्या धोंड्याला प्रत्येक क्षणी सरळ पुढे जावयाचे असते. दोरी त्याला ओढून वर्तुळात ठेवते. दोरीची ओढ संपली, की त्या क्षणी धोंड्याचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेने तो सरळ निघतो. चिखलातून वेगाने गेलेल्या सायकलच्या चाकावरून उडणारे शिंतोडे याच नियमाने उडतात.

आणि वेग? दुमडलेली गोफण एक मीटर लांब असली, तर धोंडा एका फेऱ्यात सुमारे 6.3 मीटर अंतर तोडतो. सेकंदाला पाच फेरे झाले, तर त्याचा वेग सेकंदाला 31 मीटर होतो. त्यात राखणदाराच्या दंडाचा शेवटचा हिसका मिळविला, की हा वेग 40 मीटरच्या घरात जातो. नुसत्या हाताने फेकलेल्या दगडाला एवढा वेग देणे फार थोड्यांना साधते. गोफण म्हणजे एका अर्थी दोरीने लांब केलेला हातच. म्हणूनच जगातील अनेक देशांत ती शेतातून रणांगणावर गेली. भूमध्य समुद्रातील बालेआरिक बेटांवरील गोफणवाले रोमन सैन्यात नावाजलेले होते. प्राचीन काळच्या गोफणींसाठी घडविलेल्या शिशाच्या गोळ्या आजही सापडतात. त्या वाटोळ्या नाहीत, बदामाच्या आकाराच्या आहेत. हा आकार घडविणाऱ्यांना शास्त्र ठाऊक नव्हते, पण तो का उपयोगी पडला हे पुढे दिसेल. आपल्याकडील गडांवरही खाली चालून येणाऱ्यांवर धोंडे लोटण्याची रीत जुनीच. शिवनेरीसारख्या गडाचे कडे पाहिले, की वरच्या माणसाला उंचीचा केवढा फायदा मिळत असेल हे समजण्यास युद्धशास्त्र शिकावे लागत नाही.

धोंडा सुटला, तो सरळ निघाला. मग तो जमिनीवर कसा येतो? या प्रश्नावर माणसाने सुमारे दोन हजार वर्षे डोके खाजविले. जुने पंडित म्हणत, की फेकलेली वस्तू आधी आपल्यात भरलेल्या जोराने सरळ जाते, तो जोर संपला की वळते आणि मग खाली पडते. युरोपातील जुन्या तोफखान्याच्या पुस्तकांतून तोफगोळ्याची वाट अशीच काढलेली आढळते: एक लांब सरळ रेघ, एक लहानसे वळण आणि शेवटी जवळजवळ उभी उतरती रेघ. इटलीतील टार्टालिया नावाच्या गणितज्ञाने 1537 साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि तोफेचे तोंड 45 अंशांवर रोखले असता गोळा सर्वांत दूर जातो, असे सांगितले. परंतु वाटेचा खरा आकार त्यालाही उलगडला नाही.

तो उलगडला गॅलिलिओला. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले, की फेकलेल्या वस्तूच्या ठिकाणी दोन गती एकाच वेळी नांदतात आणि एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत. एक गती तिला फेकलेल्या दिशेने सारख्या वेगाने पुढे नेते. दुसरी तिला खाली ओढते. धोंडा पुढे जाण्याचे थांबवून मग पडू लागतो असे नव्हे. गोफणीतून सुटल्या क्षणापासून तो पडतच असतो! पहिल्या सेकंदाअखेर तो आपल्या सरळ वाटेच्या 4.9 मीटर खाली आलेला असतो, दुसऱ्याअखेर 19.6 मीटर, तिसऱ्याअखेर 44 मीटर. 45 अंशांवर, सेकंदाला 40 मीटर वेगाने सुटलेला धोंडा घ्या. पडण्याची गती नसती, तर दोन सेकंदांनी तो 56.6 मीटर उंचीवर असता, त्यातून 19.6 वजा केले, की उरले 37 मीटर. चार सेकंदांनी तो 113 मीटर उंच असता; पण तोवर तो 78 मीटरांहून अधिक पडलेला असल्यामुळे जमिनीपासून त्याची उंची 35 मीटरांच्या आतच असते. असे एकेक बिंदू कागदावर मांडून जोडले, की एक सुंदर कमानदार वक्र तयार होतो. गणितात त्यास अन्वस्त म्हणतात. वहीच्या एका पानावर हे बिंदू सहज मावतात आणि काढून पाहण्यासारखे आहेत.

या हिशोबाने आपला धोंडा सुमारे 163 मीटरांवर पडावयास हवा. शेतात मात्र तसे घडत नाही. चांगला गोल, चार सेंटिमीटर व्यासाचा धोंडा याच वेगाने सोडला, तरी तो 110-120 मीटरांवरच जमिनीला टेकतो. उरलेले चाळीस-पन्नास मीटर कोठे गेले?

ते हवेने खाल्ले.

हवा दिसत नाही, म्हणून तिला वजन नाही असे वाटते. वस्तुतः जुन्नरच्या उंचीवर एक घनमीटर हवेचे वजन एक किलोग्रॅमहून थोडे अधिकच भरते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गखोलीत दीडशे किलोग्रॅमहून अधिक हवा कोंडलेली असते; ती पोत्यांत भरता आली असती, तर उचलावयास दोन-तीन हमाल लागले असते. धोंड्याला या हवेतून वाट काढावी लागते. पुढची हवा ढकलून बाजूस सारावी लागते आणि तिला दिलेला वेग त्याच्याच वेगातून वजा होतो. शिवाय धोंड्याच्या पाठीमागे हवेत भोवरे उठतात, तेही त्याला मागे खेचतात. इंग्लंडमधील न्यूटनने 1687 साली या अडथळ्याचा नियम मांडला: वेग दुप्पट झाला, की अडथळा चौपट होतो, वेग तिप्पट झाला, की नऊपट. सायकल हळू चालविताना वारा जाणवत नाही आणि उतारावर वेग वाढताच तोच वारा छातीवर हात ठेवून मागे लोटू लागतो, त्याचे कारण हेच. आपल्या धोंड्याला सेकंदाला 40 मीटर वेग असताना हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असतो.

तोफेच्या व बंदुकीच्या गोळ्यांचा वेग याच्या कितीतरी पट. मग त्यांची दशा काय होत असेल? याचे मोजमाप प्रथम केले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज अभियंत्याने. त्याने एक जाड लाकडी फळी लंबकासारखी टांगली आणि तीवर बंदुकीची गोळी झाडली. गोळी फळीत रुतताच फळी मागे झुलली. ती किती झुलली यावरून गोळीचा वेग काढता आला. मग त्याने हाच लंबक बंदुकीपासून दूर, आणखी दूर नेऊन पाहिले व वाटेत वेग किती घटतो हे ताडले. 1742 साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळांचा त्यांवर विश्वास बसला नाही. वेगवान गोळीला हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या शंभरपटींहूनही अधिक होत होता! ज्या हवेला तोवरचे बहुतेक हिशोबनीस किरकोळ म्हणून सोडून देत होते, तीच गोळीचा मुख्य वैरी ठरली.

हवेतून जाणाऱ्या धोंड्याची वाट म्हणूनच गॅलिलिओच्या कमानीसारखी दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. चढताना ती लांबट असते आणि उतरताना अधिक उभी होते. कारण पुढे नेणारा वेग हवा वाटेतच खाऊन टाकते, खाली ओढणारे वजन मात्र शेवटपर्यंत तितकेच राहते. आता ते तोफखान्याचे जुने चित्र आठवावे. ते काढणाऱ्यांची कारणमीमांसा चुकली होती. डोळे तितकेसे चुकले नव्हते. आणि शिशाच्या त्या बदामी गोळ्या? शिसे दगडाहून सुमारे चौपट जड. त्यामुळे तेवढेच वजन लहानशा देहात मावते आणि हवेला ढकलावयास कमी जागा मिळते. निमुळता आकार टोकाने पुढे गेला, तर पाठीमागचे भोवरेही कमी होतात.

येथे एका जुन्या समजुतीचा निकाल लावून टाकणे बरे. जड वस्तू लवकर पडते आणि हलकी उशिरा, हे आपण रोज पाहतो. पण तो वस्तूचा गुण नव्हे, हवेचा आहे. चंद्रावर हवा नाही. 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 या यानातून चंद्रावर उतरलेल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरून दोन्ही एकदम सोडली. दोन्ही एकाच क्षणी चंद्राच्या मातीला टेकली.

पृथ्वीवर पीस मागे पडते, कारण पडणाऱ्या वस्तूचा वेग जसजसा वाढतो तसतसा हवेचा अडथळाही वाढतो, आणि एक क्षण असा येतो, की वर ढकलणारा अडथळा व खाली ओढणारे वजन यांची बरोबरी होते. त्यानंतर वेग वाढत नाही; वस्तू एकाच चालीने उतरत राहते. या चालीला अंतिम वेग म्हणतात. आपल्या गोल धोंड्याचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर आहे. उन्हाळ्यात रुईचे बोंड फुटून रेशमी तुरा लावलेले जे बी हवेत तरंगत येते, ज्याला मुले ‘म्हातारी’ म्हणतात आणि फुंकर घालून पुन्हा वर उडवितात, त्याचा अंतिम वेग सेकंदाला अर्धा मीटरही नसतो. बी इवलेसे आणि तुऱ्याचे तंतू मात्र चहूकडे पसरलेले. वजन थोडे आणि हवेला अडविण्यास जागा फार. त्यामुळे उन्हाळी वाऱ्याची एक झुळूक आली, तरी म्हातारी खाली येण्याऐवजी पुढच्या गावी निघून जाते. झाडाला पाय नाहीत. पण आपली मुले दूर पाठविण्याची ही युक्ती त्याने साधली आहे.

धोंडा आणि म्हातारी या दोन टोकांच्या मध्ये पावसाचा थेंब असतो. तो दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघाला आणि वाटेत हवाच नसती, तर जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला 200 मीटर, म्हणजे ताशी 720 किलोमीटर झाला असता. तशा पावसात भाताचे रोप उभे राहिले नसते आणि छत्रीची चाळण झाली असती. प्रत्यक्षात एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 4 मीटर, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटर आणि पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे 9 मीटर वेगाने उतरतो. यापेक्षा मोठा थेंब फारसा टिकत नाही. हवाच त्याला फोडून त्याचे लहान थेंब करते. चित्रकार पावसाचा थेंब वर निमुळता व खाली गोल असा काढतात, ती केवळ हौस होय. लहान थेंब चेंडूसारखा गोल असतो. मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि बुडाशी दाबलेल्या लाडवासारखा दिसतो.

थेंबाचा हा अंतिम वेग ध्यानात ठेवून आता जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात जावे. कोकणातून देशावर येण्याची ही फार प्राचीन वाट. सातवाहनांच्या काळी कल्याणच्या बंदराकडून येणारा माल येथूनच जुन्नरास चढत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे आणि माथ्याजवळ दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. शेजारी जीवधन गड आणि त्याच्या टोकाला वानरलिंगीचा सुळका उभा आहे. परंतु पावसाळ्यात येथे जमणारी गर्दी बहुधा ना लेख वाचावयास येते, ना गड पाहावयास. ती येते उलट्या धबधब्यासाठी. पठारावरचे पाणी ओहोळांनी कड्याकडे धावते, कड्यावरून खाली झेपावते आणि काही हात खाली जाताच थबकते, फुटते व फवारा होऊन पुन्हा वर, कड्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर येते. खाली जावयास निघालेले पाणी माघारी कसे फिरते?

पाण्याने आपला धर्म सोडलेला नसतो. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो, कोकणची सखल पट्टी ओलांडतो आणि सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जावयास वाट नसते. म्हणून तो कड्याला लागून सरळ वर चढतो. नाणेघाटासारख्या खिंडीत तर चोहोबाजूंचा वारा एकत्र कोंडला जाऊन त्याचा जोर आणखी वाढतो. कड्यावरून सुटलेली पाण्याची पातळ धार थोड्याच अंतरात फुटून थेंब होते. या थेंबांतील टपोऱ्यातल्या टपोऱ्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला 9 मीटर. वारा सेकंदाला 12 मीटर वेगाने वर चढत असेल, तर काय होईल? थेंब हवेतून 9 मीटर खाली पडतो. पण ती हवाच 12 मीटर वर गेलेली असते. नफा-तोटा मांडला, तर थेंब सेकंदाला तीन मीटर वरच चढला! पुरात नाव वल्हवीत प्रवाहाविरुद्ध निघालेला नावाडी मागे मागेच जातो, तसाच हा प्रकार. वारा क्षणभर मंदावला, की तोच धबधबा सुलटा होऊन खाली कोसळतो. आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावाजवळचा कडाही असाच कोकणाकडे उभा तुटलेला आहे, आणि पावसाळ्यात तेथेही हा चढता वारा अनुभवास येतो.

या वाऱ्यात हातातील टोपी सोडली, तर ती परत येते. धोंडा सोडला, तर तो परत येत नाही; 50 मीटर अंतिम वेगाच्या धोंड्याला 12 मीटरांचा वारा थोपवू शकत नाही. माणसाच्या देहाचेही तेच. वारा आपल्याला मागे ढकलतो आहे म्हणून कड्याच्या ओल्या काठावर पुढे वाकून उभे राहण्याचा मोह काहींना होतो. वारा अखंड वाहत नाही. तो झोत घेत येतो आणि दोन झोतांच्या मध्ये एकाएकी हात काढून घेतो. निसरड्या दगडावर तेवढा एक क्षण पुरतो.

वाऱ्याच्या या जोराचा विचार जुन्नर तालुक्यात आणखी एका ठिकाणी फार बारकाईने करावा लागला. नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी येथे व आसपासच्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूत 30 तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर. एवढी मोठी तबकडी अखंड पत्र्याची केली असती, तर ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वादळात तिच्यावर साठ-सत्तर टन वजनाएवढा रेटा पडला असता. तो सोसण्यासाठी अतिशय जड सांगाडा उभारावा लागला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी निराळीच योजना केली. त्यांनी पत्र्याऐवजी पोलादी तारेची बारीक जाळी दोरांच्या आधाराने ताणून बसविली. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरांची. या दुर्बिणीला हव्या असलेल्या लहरींची लांबी सुमारे वीतभर किंवा त्याहून मोठी. त्यांना ही भोके जाणवतच नाहीत, जाळी जणू भरीव आरसा असल्याप्रमाणे त्या परततात. वाऱ्याला मात्र जाळीतून वाट मिळते व तो निघून जातो. गोठ्याच्या कुडाला फटी ठेवणाऱ्या शेतकऱ्यास ही युक्ती परकी वाटणार नाही.

खोडदच्या तबकड्यांच्या आसमंतात नारायणगावचे द्राक्षमळे आहेत. तेथील शेतकऱ्याला हवेतून पडणाऱ्या एका वस्तूचे भय इतर सर्वांहून अधिक वाटते. ती वस्तू म्हणजे गार. द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात आणि वळवाच्या गाराही बहुधा त्याच सुमारास येतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत अशी गारपीट झाली आणि तयार पिके हातची गेली.

पावसाचा थेंब द्राक्षाच्या मण्यावर पडून निथळतो. गार त्याला फोडते. दोन्ही पाणीच. मग फरक कशाचा? थेंब पाच-सहा मिलिमीटरांपलीकडे वाढू शकत नाही, कारण हवा त्याला फोडते. गार घट्ट असते. तिला हवा फोडू शकत नाही. गडगडाटी ढगातील चढता वारा तिला नाणेघाटच्या थेंबासारखा वर तोलून धरतो आणि त्या काळात तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात. ढगातील वाऱ्याला न पेलण्याइतकी ती जड झाली, की खाली सुटते. एक सेंटिमीटरची गार जमिनीजवळ सेकंदाला सुमारे 10 ते 13 मीटर वेगाने येते, दोन सेंटिमीटरची 15 ते 19 मीटर वेगाने. वेगातील हा फरक फार वाटत नाही. पण तडाखा मोजताना वजनही धरावे लागते. व्यास दुप्पट झाला, की गारेचे वजन आठपट होते: अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमी असलेली गार पावणेचार ग्रॅमांची होते. तडाख्याची शक्ती वजनाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. वेगाचा वर्ग येथे दुप्पट झाला. आठ दुणे सोळा. म्हणजे बोराएवढी गार हरभऱ्याएवढ्या गारेच्या दुप्पट नव्हे, सोळापट जोराने आदळते. पहिल्या गारेने मण्याला डाग पडतो. दुसरीने मणी फुटतो, घड तुटतो, एवढेच नव्हे तर वेलीची काडीही चिरते. फुटलेल्या मण्यातून रस गळतो, त्यावर बुरशी धरते आणि शेजारचा चांगला घडही नासतो. जखमी काडीला पुढच्या हंगामातही नीट फळ धरत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जपलेला मळा अशा वेळी पाव तासात उद्ध्वस्त होतो आणि त्या मळ्यावर काढलेले कर्ज तसेच राहते.

म्हणून काही शेतकरी मळ्याच्या मांडवावर जाळी पसरतात. जाळी ताणलेली असली तरी थोडी लवते. गार तीवर आपटून थांबण्याऐवजी दबत दबत थांबते, त्यामुळे तडाखा बोथट होतो. अखंड कापड का घालीत नाहीत, याचे उत्तर खोडदच्या तबकडीने आधीच दिले आहे: वादळात ते शिडासारखे फुगून मांडवासकट उपटले जाईल. जाळीतून वारा निघून जातो, ऊनही बहुतांश आत येते. पण जाळीला खर्च येतो, खांबही अधिक बळकट लागतात, आणि गारा दरवर्षी पडत नाहीत. तेव्हा घालावी की न घालावी, हा ज्याचा त्याने करावयाचा हिशोब राहतो. जो घालतो, त्याला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गारा नेहमी सरळ खाली येत नाहीत. गार सेकंदाला 17 मीटर वेगाने पडत असेल आणि आडवा वाराही तितक्याच वेगाने वाहत असेल, तर ती 45 अंशांच्या तिरकस वाटेने येते. मांडवाची उंची दोन मीटर असेल, तर अशी गार वरची जाळी चुकवून कडेच्या ओळींत दोन मीटर आतपर्यंत शिरते. त्यासाठी ज्या दिशेने वळवाचे वादळ येते, त्या दिशेची बाजूही जाळीने झाकावी लागते.